इटलीतला रामा न्हायकी

वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी मी पहिल्यांदा पासपोर्ट काढला, तेव्हा घरी सांगितलं की मला पिसाचा कलता मनोरा बघायचा आहे. मुलगा म्हणाला, "अण्णा, तो पडायच्या आत की तुम्ही पडायच्या आत?" सगळे हसले, मीही हसलो. त्या मनोऱ्यात मला काडीचाही रस नव्हता. मला इटलीतल्या एका दगडावर एक नाव आहे की नाही, एवढंच वाचून यायचं होतं. खरं सांगायचं तर ते तिथं नसावं, असंही मनातून वाटत होतं. नसलं तर मी सुटलो असतो.

तेव्हा इटलीत काय बघावं, काय खावं हे शोधत कुणी हे वाचत असेल तर त्याची निराशा होईल. मी सात शहरं पाहिली आणि त्यातली मला एक दफनभूमी तेवढी नीट आठवते.

आधी त्या नावाविषयी. कोल्हापूरपासून तासाभरावर चिंचगाव नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. पन्नासेक वर्षांपूर्वी तालुक्याहून फिरत फिरत एक इंग्रजी पत्र माझ्या टेबलावर आलं, कारण गावात इंग्रजी मलाच येतं अशी समजूत होती, आणि ती मीच पसरवली होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मेलेल्या शिपायांचे नातेवाईक शोधणाऱ्या कुठल्याशा कचेरीचं ते पत्र. त्यात लिहिलं होतं की शिपाई रामा नायकी हा आपल्या गावचा असावा, अमुक ठिकाणच्या स्मारकावर त्याचं नाव आहे, नातेवाईक असल्यास कळवावं.

गावात नाईक होते, नाईकवडी होते. नायकी कुणी नव्हतं. मी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत इंग्रजीत उत्तर लिहिलं: 'असा कोणीही इसम या गावात नाही, आणि कधीही नव्हता.' त्यातला शेवटचा भाग इंग्रजीत फार झोकदार जमला होता. मी तो सहशिक्षकाला दोनदा वाचून दाखवला.

चिंचगावातून त्या लढाईला गेलेला आणि परत न आलेला रामा एकच होता, रामा तुका कांबळे. त्याची बायको गंगूबाई आणि मुलगी शेवंता शाळेपासून दोनशे पावलांवर राहत होत्या. पण विचारायला जायचं म्हणजे त्यांच्या वस्तीत जायला हवं होतं. मी जात मानत नाही, असं मी तेव्हा सभांतून सांगत असे. फक्त तिकडे जात नसे.

शेवंता माझ्याच वयाची आणि माझ्याच वर्गात शिकलेली. रामा पळून गेला आणि त्यानं तिकडं मडम केली, असं गावात म्हणत. तिसरीत असताना मी तिला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "शेवंते, तुझी मडम-आई तुला फ्रॉक कधी धाडणार?" वर्ग हसला. पुढं ती चौथी पास होऊन शाळा सोडेपर्यंत 'फ्रॉक' हेच तिचं नाव झालं. पत्र आलं तेव्हा ती दोन पोरांची आई होती आणि गंगूबाई अजून रोज कुंकू लावत होती. नवरा गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मी आधारकार्डाच्या केंद्रावर रांगेत उभा होतो. माझ्या पुढं एक म्हातारा. संगणकावरचा माणूस परमुलखातला, मराठी कळत नव्हतं. त्यानं विचारलं, "नाम?"

"धोंडी."

"सरनेम?"

"न्हाय की."

त्यानं टकाटक टाइप केलं आणि पडदा फिरवून दाखवला. धोंडी नायकी.

मी रांग सोडून घरी आलो. जुन्या ट्रंकेतली जावक पत्रांची फाईल काढली. कार्बनची प्रत होती, मूळ पत्र तिलाच टाचलेलं. कधीही नव्हता.

असा माझा इटलीचा प्रवास आधारच्या रांगेत सुरू झाला.

कोल्हापुरातल्या एका सहलवाल्याकडं 'अकरा दिवसांत इटली आणि शेजार' अशी सहल होती. आम्ही अडतीस जण निघालो. व्यवस्थापक म्हणून देशमुख मॅडम होत्या. पन्नाशीच्या, कायम हातात छत्री उंच धरलेल्या. ऊन असो नसो, त्या छत्रीमागून चालायचं. माझ्या शेजारच्या सीटवर इचलकरंजीचे मगदूम होते. यंत्रमागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही. माझ्या कानात सांगितलेलं गुपित विमानाच्या शेपटीपर्यंत जाई.

रोमच्या विमानतळावर आमची पहिली अडचण झाली ती शेंगदाण्याच्या चटणीची. मगदूमांच्या पिशवीत लाल चटणीची दोन पाकिटं निघाली. गणवेशातल्या बाईंनी हातमोजे घातले, पाकीट हुंगलं आणि त्यांना सलग नऊ शिंका आल्या. मगदूम मोजत होते.

"पावणं, तिखट हाय की," ते त्यांना समजावत होते. "भाकरीसंगं खायाचं. नुसतं हुंगायचं न्हाय."

एक पाकीट बाईंनी ठेवून घेतलं. जप्त केलं की आवडलं, ते कळलं नाही.

जेवणाचे माझे हाल झाले. आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा मी आयुष्यात खाल्ला नाही आणि सूर्य मावळल्यावर जेवत नाही. इटलीत उन्हाळ्यात सूर्य नऊला मावळतो. म्हणजे धर्मानं मला नऊपर्यंत जेवायची मुभा होती, पण कांदा-लसूण वजा केल्यावर ताटात काही उरत नव्हतं. पिझ्झा म्हणून मला जे मिळालं ती टोमॅटो लावलेली भाकरी होती. वाढप्यानं ती माझ्यापुढं अशी ठेवली, की जणू माझ्या घरी काहीतरी वाईट घडलं आहे.

पिसाचा मनोरा पाहिला. कललेला आहे. बाकी सगळ्यांनी तो हातानं अडवून धरल्याचे फोटो काढले. मी काढला नाही, कारण माझा जीव पुढच्या मुक्कामाकडं लागला होता. पत्रातलं स्मारक ज्या गावाबाहेर होतं त्यावरूनच आमची बस दुसऱ्या दिवशी जाणार होती. नकाशावर मी ते घरीच पाहून ठेवलं होतं आणि याच सहलीत पैसे भरायचं कारणही तेच होतं.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी मॅडमना गाठलं. "उद्या वाटेत एका लष्करी दफनभूमीवर थांबायचं आहे. अर्धा तास."

"गुरुजी, कार्यक्रमात नाही ते. उद्या वाटेत चामड्याच्या वस्तूंचं दुकान आहे, त्यांना वेळ दिलेली आहे."

मागून मगदूमांचा आवाज आला. "चामडं? मॅडम, कोल्हापूरच्या माणसाला पायताण दाखवायला इटलीला आणलासा व्हय? गुरुजींचं कोण हाय तितं?"

मी म्हणालो, "आमच्या गावचा एक माणूस."

हे चारच शब्द मी बोललो होतो. सकाळपर्यंत बसमध्ये बातमी पसरली की गुरुजींचे सख्खे चुलते लढाईत इटलीत पडले आणि ऐंशी वर्षांनी घरचं माणूस पहिल्यांदा मातीला चाललं आहे. चामड्याचं दुकान एकमतानं रद्द झालं. नाश्त्याला मला कुणी रांगेत उभं राहू दिलं नाही. वारणानगरच्या एका बाईंनी केळं सोलून हातात दिलं आणि म्हणाल्या, "पोटात काहीतरी घाला गुरुजी. अशा वेळी उपाशी राहू नये."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी केळं खाल्लं.

दफनभूमी एका उतारावर होती. खाली द्राक्षमळे, पलीकडं नदी, मधे हिरवंगार कापलेलं गवत आणि त्यात पांढरे दगड रांगेनं उभे. कवायतीसाठी मुलं उभी केल्यासारखे. एकही दगड वाकडा नाही. पिसाच्या लोकांनी इथं येऊन शिकावं असं माझ्या मनात आलं, आणि अशा वेळी आपल्याला विनोद सुचतो याची लाजही वाटली.

बसमधून उतरताच निम्म्या लोकांनी मोबाईल काढले. "काय मेंटेन केलंय गार्डन!" वारणानगरच्या बाईंचे यजमान म्हणाले. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. "आमच्या कारखान्याच्या बागेला चार माळी हायत, पण असलं गवत न्हाय." कुणीतरी भडंगाची पुडी फोडली, मग जागेचं भान येऊन ती तशीच हातात धरून उभं राहिलं. मगदूम एक चक्कर मारून आले आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सगळं हाय, मुतारी न्हाय!"

मी दगडांमधून चालू लागलो. इंग्रज, शीख, गुरखे, पठाण. वयं लिहिलेली होती. एकोणीस, बावीस, एकोणीस, वीस. माझा नातू चोवीस वर्षांचा आहे, त्याला अजून स्वतःचा डबा भरता येत नाही. मी वाचत चाललो आणि लक्षात आलं की मागून सगळी सहल माझ्यामागं येते आहे, पुढं मॅडम छत्री मिटवून. मी थांबलो की सगळे थांबत. मी चालू लागलो की चालत. मी चष्मा पुसला तर दोघा-तिघांनी रुमाल काढले.

एका कोपऱ्यात गवत कापायच्या यंत्रावर एक माळी बसला होता. साठीचा, उन्हानं लाल झालेला, डोक्यावर गवती टोपी. त्यानं यंत्र बंद केलं, टोपी काढली, एवढी मिरवणूक पाहून थोडा घाबरला, आणि मला विचारलं, "की?"

मी दचकलो. मगदूम तर उडालेच. "ऐकलासा? 'की' म्हणाला! ह्यो आपल्याकडचाच हाय की!"

मॅडमनी समजावलं. की (कोण) हा इटालियन शब्द आहे. कुणाला शोधताय, असं तो विचारतोय.

"रामा," मी म्हणालो. "रामा नायकी."

"नाय... की?" माळ्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"नायकी."

"की?"

"नाय-की."

"सी, सी (हो, हो), पण की?" त्याला वाटलं असावं, की म्हातारा आपले शब्द आपल्यालाच परत देतोय. शेवटी मी कार्बनची प्रत काढून दाखवली. त्यानं नाव वाचलं, मान हलवली आणि आम्हाला भिंतीकडं घेऊन गेला. भिंतीतल्या कोनाड्याला पितळी झाकण होतं. आत नावांची वही.

वहीत 'नाईक' हा शब्द पानोपानी होता. मगदूम माझ्या खांद्यावरून वाचत होते. "गुरुजी, तुमचं नाईक हितं ढिगानं हायत की!"

"तो हुद्दा आहे," मी म्हणालो. "लष्करातला. आडनाव नाही."

म्हणजे भरतीच्या टेबलावरच्या कारकुनाची तरी काय चूक? दिवसभर नाईक, लान्सनाईक लिहून त्याचा हात बसला असणार. समोर चिंचगावचा रामा. आडनाव विचारलं. शहरातल्या साहेबाला जात कळू नये म्हणून असेल, किंवा आजवर त्याला आडनाव विचारायची गरजच कुणाला पडली नव्हती म्हणून असेल, त्यानं सांगितलं, न्हाय की. आणि त्या नावानं तो बोटीत बसला, लढला, मेला.

माळ्याचं बोट पान उतरत गेलं. बोटाच्या टोकाला हिरवं गवत चिकटलेलं होतं. मला अजूनही वाटत होतं, की नसावं.

"क्वी (इथं)," तो म्हणाला.

नायकी, रामा. शिपाई.

वरच्या नावापुढं लिहिलं होतं: अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, अमुकबाईचा नवरा. खालच्यापुढंही तसंच. जवळजवळ प्रत्येकापुढं कुणीतरी होतं. रामाच्या पुढं कोरं. बाप नाही, गाव नाही, बायको नाही. त्या कोऱ्या जागेची लांबी मी बोटानं मोजली. माझं झोकदार वाक्य तेवढ्याच लांबीचं होतं.

रामाला थडगं नव्हतं. ज्यांना तिथं दहन दिलं त्यांच्यासाठी वेगळा उंच दगड होता, त्यावर नावांच्या ओळी. गावी ज्याला देवळाच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही, तो इथं कुणा देशमुखांच्या आणि कुणा मिश्रांच्या मधे, त्यांच्या उंचीचीच अक्षरं घेऊन उभा होता. मी त्याच्यावर कागद धरला आणि शिसपेन्सिल घासू लागलो, मुलं नाण्याचा ठसा काढतात तशी. कागद सरकत होता. मगदूमांनी कागदाची एक बाजू धरली, माळ्यानं दुसरी.

ठसा उमटला आणि मला रडू आलं. रडू आलं तसा मागून सुस्कारा उठला. मग रांग लागली. अडतीसांतला एकेक जण पुढं येऊन माझा हात हातात घेऊ लागला.

"झालं ते वाईट झालं गुरुजी."

"देशासाठी गेले. नशीबवान."

"घरी सगळ्यांना आमचं सांगा."

केमिस्टांनी मिठी मारली. वारणानगरच्या बाईंनी पर्समधून हळदी-कुंकवाच्या पुड्या काढल्या. कुणी उदबत्ती लावली, कुणी भडंगाची ती फोडलेली पुडी नैवेद्य म्हणून दगडापाशी ठेवली. माळीही रांगेत आला, टोपी छातीशी धरून माझ्याशी काहीतरी दोन वाक्यं बोलला. ज्यानं त्या माणसाला दुसऱ्यांदा मारलं तो मी, आणि सांत्वन माझं चाललं होतं. मी प्रत्येकाला हात जोडत राहिलो. एखाद्याचं चुकलं तर त्याला सांगायची हिंमत नसणं हा माझा जुना आजार आहे. तोंड बंद ठेवून हात जोडणं मला छान जमतं.

कोनाड्यात भेट देणाऱ्यांच्या अभिप्रायाची वहीसुद्धा होती. आमच्या लोकांनी लिहिलं, 'फार शांत', 'अतिशय स्वच्छ, मुतारीची सोय व्हावी.' माझी पाळी आली. मी इंग्रजीत लिहिलं, की असा इसम चिंचगावात होता आणि माझं पूर्वीचं पत्र खोटं आहे. सही केली, खाली पूर्ण नाव, भूपाल चौगुले, निवृत्त मुख्याध्यापक. तरी हात वहीवरून हलेना. मग त्याच ओळीखाली मराठीत लिहिलं, 'हाय की.'

बस सुटली. बसमध्ये अंताक्षरीसाठी माइक होता. आज गाणी नकोत, असं ठरलं होतं. मी उठलो, पुढं जाऊन मॅडमकडून माइक मागून घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "रामा माझा चुलता नव्हता. माझा कुणीच नव्हता. आमच्या गावचा होता, आणि तो आमच्या गावचा नाही असं मी लिहून दिलं होतं." मग सगळं सांगितलं. दोनशे पावलं, कार्बन, गंगूबाईचं कुंकू. फ्रॉकचंही सांगितलं. माइकमुळं माझा आवाज मलाच मागच्या बाजूनं ऐकू येत होता.

मागून वारणानगरच्या बाईंचा आवाज आला. "म्हणजे आम्ही रडलो ते?"

"रडलासा ते रामासाठी की," मगदूम म्हणाले. "ते काय वाया जातंय?"

मी जागेवर येऊन बसलो. मगदूम माझ्याकडं वळले. मग आयुष्यात पहिल्यांदा असेल, पण ते हळू बोलले. "गुरुजी, आम्हास्नी सांगणं सोपं. आम्ही कोण? चार दिसांनी कोल्हापुरात उतरलो की आपापल्या घरी. जिला सांगायचं तिला सांगणार हायसा न्हवं?"

पुढचे चार दिवस आम्ही काय पाहिलं ते मला विचारू नका. पाण्यातलं एक शहर होतं. तिथं छत्री चुकून मी जपानी लोकांच्या छत्रीमागं गेलो आणि तासभर त्यांच्यात फिरलो. त्यांनीही मला नीट सांभाळलं.

कोल्हापूरला आल्यावर मी दोन दिवस घरीच बसलो, थकवा आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून चिंचगावला गेलो. शाळेच्या फाटकापाशी थांबलो आणि पावलं मोजत निघालो. माझी पावलं आता आखूड पडतात, तरी दोनशे छप्पन्नच भरली.

शेवंता अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा नातू शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला गेलेला. नातसून आत स्वयंपाकघरात. उघड्या दारातून भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती.

"या गुरुजी. वाट चुकलासा व्हय?" शेवंता म्हणाली. "न्हाय, ह्या बाजूला कवा आलेलं आठवत न्हाय म्हणून इचारलं."

मी तिच्यासमोर कट्ट्यावर बसलो आणि कागद उलगडला. सांगायला सुरुवात केली ती आधारच्या रांगेपासून. तिचं बोट तांदळातून फिरत होतं, खडा शोधत. पत्राचं आलं तेव्हा बोट थांबलं.

"आई म्हणायची, कागूद आल्याबिगर कुक्कू पुसायचं न्हाय. शेवटच्या दिवशी बी लावलंतं. कागूद कवा आलाच न्हाय."

"आला होता," मी म्हणालो. "माझ्याकडं आला होता."

मला वाटलं ती सूप फेकून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"शाळंपास्नं हितवर किती पावलं हायत?"

"दोनशे. आता दोनशे छप्पन्न."

"आणि इटली?"

"विमानानं जवळजवळ एक दिवस."

"मंजे ह्या दोनशे पावलांस्नी तुला पन्नास वर्सं लागली आणि वाटंत इटली लागली." 'गुरुजी' आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नसावं. "लई लांबनं आलास रं भूपाल."

मी हात जोडले नाहीत. ती सवय निदान त्या अंगणात तरी वापरायची नाही, असं ठरवून आलो होतो.

तिनं कागद मांडीवर घेतला. इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. मग खिशातून दुसरा कागद काढला. त्या कचेरीला लिहायचं पत्र. वहीतली कोरी जागा भरायला नातेवाइकाची सही लागणार होती. तुकाचा मुलगा, गंगूबाईचा नवरा, शेवंताचा बाप, चिंचगावचा. सगळं लिहून आणलं होतं, एक जागा मोकळी ठेवली होती.

"आडनाव बदलून घेता येईल," मी म्हणालो. "दगडावरचंही बदलतात म्हणे. कांबळे लिहायचं ना?"

शेवंता ठशावरून बोट फिरवत होती. पेन्सिलीची काळी पूड तिच्या बोटाला लागली.

"म्या पोटात हुते तवा त्यो गेला. त्याचा आवाज म्या कवा ऐकला न्हाय. आई सांगायची, लई मोट्यानं बोलायचा. आणि तू म्हणतुयास, साहेबानं इचारलं आणि त्यो जे बोलला त्येच दगडावर लिवलंय?"

"हो. चुकून."

"मग ऱ्हाऊ दे की. बाच्या तोंडचं तेवडंच हाय माज्याकडं. ते पुसून कांबळे लिवायला कशाला पायजे? कांबळे हितं गल्लीभर हायत."

मी मोकळी जागा तशीच ठेवली. तिनं खाली सही केली, चौथीत शिकवलेल्या वळणदार अक्षरात. माझ्यापेक्षा तिचं अक्षर तेव्हाही चांगलं होतं. हे शाळेत मी कधी कबूल केलं नव्हतं.

प्रवासवर्णनाच्या शेवटी काय मिळवलं ते लिहायची रीत आहे. माझ्या हिशेबी या प्रवासात मी एकच अंतर तोडलं, तेही सगळ्यात शेवटी, पायी. माफी मिळाली की नाही, ते मला माहीत नाही. मी मागितली तेव्हा शेवंता म्हणाली, "ते बघू." नव्या पत्राचं उत्तरही अजून आलेलं नाही. पण या वेळचं पत्र मी तिला मराठीत दोनदा वाचून दाखवलं. 'होता' या शब्दापाशी तिनं दोन्ही वेळा मान हलवली.

त्या दिवशी निघायला उठलो तर तिनं थांबवलं. "बस. आता मला म्हणून दाव. बा कसं म्हणला असंल?"

"न्हाय की," मी म्हणालो.

"तू हजेरी घेतल्यावानी म्हणतुयास. मोट्यानं."

"न्हाय की!"

"आन्‌ त्या 'की'ला जरा वर. साहेबाला भ्यायला न्हाय त्यो." मग तिनंच सूप बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली आणि समोर टेबल आणि साहेब असल्यासारखी ओरडली, "न्हाय की!"

मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा. ब्याऐंशी आणि त्र्याऐंशी वर्षांची दोन माणसं भर सकाळी अंगणात एकमेकांवर ओरडत होती. समोरच्या घरांची दारं उघडली. ओल्या हातानं नातसून घाईघाईनं बाहेर आली.

"आजी, काय न्हाय? काय न्हाय म्हणतासा?"

शेवंतानं कागदाची नीट घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

"फ्रॉक," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "इटलीला जाऊन आला, आन्‌ फ्रॉक आणला न्हाय की ह्येनं."